गुणाबाईचा हात, एकेचाळीस हजार माणसं

लातूर
२ डिसेंबर २०२४

प्रिय शकिलाफुप्पी,

सलाम. ठरल्याप्रमाणे फोन न करता पत्र लिहिते आहे. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही जोडाक्षरं पक्की केलीत, आता वाचायला काही नसेल तर ती पुन्हा निसटतील. अक्षर मोठं काढलंय आणि दोन ओळींत जागा सोडलीय. अडलं तर शब्दावर बोट ठेवून दोनदा म्हणा. घरात आपण आपली बोली बोलतो, पण मला लिहिता येतं ते मराठीच. शाळेत तेवढंच मिळालं आणि तुम्हालाही तेच दिलं.

हॉस्टेलच्या मॅडमनी काल रजिस्टरमध्ये विचारलं, वडिलांचं शिक्षण? मी लिहिलं, नाही. आईचं? नाही. घरात आणखी कुणी शिकलेलं? तिथं मी तुमचं नाव लिहिणार होते, पण एका सुट्टीत शिकलेलं सांगणं खोटं होईल का, या विचारात रेघ मारून टाकली. नंतर दिवसभर वाईट वाटलं.

आता खात्याचं सांगते. ‘शकिलाफुप्पीच्या बांगड्या’ या नावाने मी फोनवर जे उघडलं त्याला नऊशे फॉलोअर झालेत. फॉलोअर म्हणजे आपण काही टाकलं की ज्यांच्या फोनवर ते आपोआप पोचतं ती माणसं. तुम्ही बांगड्या भरायला बसलात की उंबऱ्यावर बायका येऊन बसतात ना, तशाच. फक्त या दिसत नाहीत. नायगावला तुमच्या टपरीवर आणि गावांत फिरताना मी जे व्हिडिओ काढले, ते एकेक करून टाकते आहे. माझा नियम कडक आहे. कुणाचंही तोंड दाखवायचं नाही. फक्त हात, बांगड्या आणि तुमची बोटं.

हे मी का करते ते तुम्हाला माहीत आहे. तो गठुडा डोक्यावर घेऊन गावोगाव चालणं तुमच्या गुडघ्यांनी आता बंद करायला हवं. दहा हजार फॉलोअर झाले की बायका तुम्हाला शोधत टपरीवर येतील. तुम्ही बसायचं, त्यांनी यायचं.

एक शंका आहे. खात्यावर मी ‘तीन पिढ्यांचा धंदा’ असं लिहिलंय. ते खरं आहे ना?

तुमची
जिक्रा

---

नायगाव
१२ डिसेंबर २०२४

जिक्राबेटा,

दुआ. तुझं पत्र वाचायला दोन दिवस लागले. लिहायला चार. हसू नको.

तीन पिढ्या न्हाईत. तुझी दादी सुया, दोरे, बिब्बे इकायची. बांगड्या तिनं शेवटची दहा वरसं भरल्या. तिला अर्धी पिढी धर. मी एक. तू भरत न्हाईस, तू नुसती बघतीस. तर दीड लिही.

रजिस्टरात माझं नाव लिहायचं होतं. लिहून बघायचं. मॅडम काय माझी परीक्षा घ्यायला येणार हाय का इथं?

तोंड दाखवत न्हाईस ते बरं. पण माझं इचारशील तर मी तोंड इसरते, हात न्हाई इसरत. कुणाचा अंगठा आखूड, कुणाच्या मनगटावर विळ्याचा व्रण, कुणाचं गोंदण फिसकटलेलं. बाजारात तोंडावर पदर ओढलेल्या एकीनं हात काढला तर मी म्हणले, शिवगंगा, माहेरी पाहुणी कधी आली गं? ती म्हणे, खाला तुला कसं कळलं. आता कसं कळलं म्हणजे काय.

काल एका नवरीचा हात लोखंडावाणी. भ्याली होती. हात आखडला की बांगडी फुटती, अन् भरताना फुटली तर ती आपली, गिऱ्हाइकाची न्हाई. मग मी माझं औषध काढलं. इचारलं, सासू कशी हाय गं तुझी? जी सुरू झाली ती सुरूच. लगीन व्हायचं हाय अजून, तरी एवढं साचलं होतं. बोलता बोलता हात ढिला पडला. बारा हातात गेल्या. तिला कळलं पण न्हाई.

गुडघे ठीक हायत. तू अभ्यास कर.

फुप्पी

---

लातूर
१९ डिसेंबर २०२४

प्रिय फुप्पी,

सलाम. ‘तीन पिढ्या’ पुसून ‘दोन’ केलं. दीड लिहिलं असतं तर लोक हसले असते. पण दोन हे तरी बरोबर आहे का, हे अजून डोक्यात आहे.

आता नीट बसा. फार मोठं काहीतरी झालंय.

दिवाळीच्या पाडव्याला आपण हिवरवाडीला गेलो होतो. तुम्ही गुणाआजींच्या ओसरीवर बसून त्यांना हिरव्या बांगड्या भरल्या. त्यांना त्यांच्या हातापेक्षा एक माप लहानच बांगडी लागते आणि तुम्ही ती दर वेळी कशी बसवता, ते मी काढत होते. त्यांना विचारून काढलं होतं. ‘काढ की,’ म्हणाल्या. तो व्हिडिओ कापूनछाटून एकवीस सेकंदांचा केला, खाली बासरीचा आवाज लावला आणि आठ तारखेला टाकला. त्यात त्या म्हणतात, ‘वरसातून दोनदा तू हात धरतीस, तेवढाच. घरात कोण धरतंय माझा हात.’ आणि तुम्ही शेवटची बांगडी मनगटावर सरकवता.

फुप्पी, हा व्हिडिओ साडेतीन लाख लोकांनी बघितला. नऊशेचे तेवीस हजार फॉलोअर झालेत. आमच्या वर्गातल्या ज्या मुली माझ्याशी बोलत नव्हत्या, त्यांनी मेसमध्ये माझ्यासाठी जागा धरून ठेवली.

खाली लोकांनी काय काय लिहिलंय. कुणी रडलं. कुणी आईला फोन केला. सुनांना बरीच दूषणं दिलीत. ती मला आवडली नाहीत, पण एकेकाला कुठं उत्तर देत बसायचं. बऱ्याच जणींनी लिहिलंय, हा माझ्या आजीचा हात वाटतो, हा माझ्या आईचा. एकीने तर सरळ लिहिलंय, ‘हा हात मी ओळखते. या माझ्या सासूबाई हायत.’ इतकं आपलंसं वाटलं लोकांना. मी तिला लाल बदाम पाठवला.

गुणाआजींना सांगा, त्यांचा हात साडेतीन लाख माणसांनी बघितला. खूश होतील.

तुमची
जिक्रा

---

नायगाव
२८ डिसेंबर २०२४

जिक्राबेटा,

दुआ. पत्र पोचलं. व्हिडिओ पण बघितला. एकीनं तिच्या फोनवर दाखवला.

एक इचारते. मी गुणाबाईला आधी इचारलं होतं ना, सून काय म्हणती, काही करती का नुसती मोबाईल बघती? ते कुठं गेलं? अन् बांगडी गेल्यावर ती हसली होती. ते पण न्हाई दिसलं. फोनमधून आपोआप जातं का ते?

धंदा बरा हाय. संक्रांतीचा माल आणला. बाया बांगड्या घेतात अन् घरी घेऊन जातात.

परवा येळवशीची अमावस. गुणाबाईच्या शेतात जेवायला ह्या वर्षी जाणं होत न्हाई. गुडघा.

जास्त लिहवत न्हाई.

फुप्पी

---

लातूर
४ जानेवारी २०२५

प्रिय फुप्पी,

सलाम. गुडघ्याला गरम वाळूचा शेक द्या. येळवशीला तुम्ही गुणाआजींच्या शेतात गेला नाहीत, असं मला आठवतच नाही. दर वर्षी त्यांच्याकडून आंबिलाची कळशी भरून आणता. म्हणजे दुखणं बरंच असणार आणि तुम्ही मला कमी करून सांगताय. म्हणूनच मी म्हणते, हे फिरणं थांबायला हवं.

बायका बांगड्या घरी नेतात हे वाचून बरं वाटलं. तुमच्या बोटांना तेवढाच आराम.

तुम्ही विचारलेलं, ते आपोआप गेलेलं नाही. मी कापलं. पहिल्या तीन सेकंदांत लोकांना धरलं नाही तर ते पुढं निघून जातात. तुमचा प्रश्न लांब होता. शेवटी गुणाआजी हसल्या, तर बासरीला ते शोभत नव्हतं. सगळे असंच करतात, फुप्पी.

एकेचाळीस हजार झालेत. इथं गंजगोलाईत रियाजभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. त्यांनी खातं पाहून मला बोलावलं होतं. फेब्रुवारीत ते प्रदर्शनात मांडव टाकणार आहेत. तीन दिवस तुम्ही तिथं बसून बांगड्या भरायच्या. बाहेर मोठा फलक लावायचा, त्यावर तुमचं नाव आणि गुणाआजींच्या हाताचा फोटो. बायका रांग लावून येतील म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण माझ्या मनात हो आहे. तुम्ही खुर्चीवर बसाल, समोर टेबल असेल, आणि कुठं चालायचं नाही. हेच तर मला हवं होतं.

पत्र इथं संपवलं होतं, पण पाकीट पुन्हा उघडलं. तुमचं मागचं पत्र चारदा वाचलं. ‘घरी घेऊन जातात’ म्हणजे काय? तुमच्यासमोर बसून भरून घेत नाहीत का? आणि व्हिडिओ दाखवणारी ती ‘एक’ कोण? तुम्ही नाव घातलं नाही. तुम्ही तर वाटेत भेटलेल्या शेळीचंही नाव सांगता.

खरं लिहा.

तुमची
जिक्रा

---

नायगाव
१३ जानेवारी २०२५

जिक्राबेटा,

दुआ. तू खरं लिही म्हणलीस म्हणून लिहिते. फोनवर माझा आवाज सगळं सांगून टाकतो. कागदावर लपवता येतंय का बघितलं. तुझ्यापुढं न्हाई आलं.

ती एक म्हणजे ऋतुजा. गुणाबाईची सून. बाजाराच्या दिवशी टपरीवर आली, फोन माझ्यापुढं धरला अन् म्हणली, बघा खाला, तुम्ही माझ्या सासूचा हात धरलाय अन् सगळ्या मुलखानं माझा गळा. तिच्या माहेरी फोन गेले. तिच्या आईला शेजारणी म्हणतेत, पोरीला हेच शिकवलं का. सासूबाई म्हणून लिहिणारी तीच. तिनं लिहिलं अन् तू बदाम पाठवला.

तोंड झाकलं म्हणजे माणूस झाकलं, असं तुला वाटलं. गुणाबाईच्या मनगटावर अर्धी तुळस गोंदलेली हाय. गोंदणारीण आली तेव्हा ती लहान होती, रडून उठली, म्हणून अर्धीच राहिली. आजूबाजूच्या गावांत तसा हात दुसरा न्हाई.

अन् ती जे बोलली ते काय होतं ते तुला मी सांगितलंय आधी. माझं औषध. मी इचारते, बाई बोलती, हात ढिला पडतो. हात दाबला की बाई काही पण म्हणती. ते खरं नसतं, खोटं पण नसतं. बांगडी गेली की संपलं. पुसलं. मी आजवर एकीचं दुसरीला सांगितलं न्हाई. त्याच्यावर तर माझा धंदा हाय. काचा काय, कुणी पण इकतंय.

आता बाया येतात, माप सांगतात, बांगड्या पुडीत बांधून घेतात. हात देत न्हाईत. एक धुरपताबाई म्हणली, नको गं शकिला, तुझ्या गठुड्यात कुठं फोन असंल तर. हसत म्हणली. पण हात न्हाई दिला. घरी साबण लावून आपल्या आपण भरतेत अन् फोडतेत.

येळवशीला गुडघा दुखत नव्हता. बोलावणं आलं न्हाई.

तुला रागवत न्हाई. तू माझ्या गुडघ्यासाठी केलंस. पण बेटा, मी गावोगाव जाते ते टपरी चालत न्हाई म्हणून, असं तुला वाटतं. तसं न्हाई. म्हाताऱ्या बाईला हात द्यायचा तर घरच्या ओसरीवरच देती ती. टेबलावर न्हाई.

फुप्पी

---

लातूर
१९ जानेवारी २०२५

प्रिय फुप्पी,

सलाम. व्हिडिओ काढून टाकला.

पण सगळं सांगते. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं आणि व्हिडिओ मी शनिवारी काढून टाकला. मधले दोन दिवस काय केलं ते लिहायची लाज वाटते. मी आकडा बघत होते. सहा लाख दहा हजार, सहा लाख बारा. स्वतःला सांगत होते की खाली एक खुलासा लिहू, कुणाला कळेल, हे मिटेल. वर्गात, मेसमध्ये माझी जागा धरलेली होती. ज्या मुलीला घरातून कुणी कधी शाळेत सोडायला आलं नाही, तिला पहिल्यांदा सगळे ओळखत होते. हे कारण आहे, सबब नाही, असं मी म्हणणार होते. पण ती सबबच आहे.

अकरा जणांनी तो उचलून आपापल्या खात्यावर टाकलाय. प्रत्येकाला लिहिलं. सात जणांनी काढला. चार उत्तरच देत नाहीत. ते माझ्या हातातून गेलं.

शाळेत आम्हाला उताऱ्याचा सारांश लिहायला लावायचे. अनावश्यक भाग गाळा, एक तृतीयांश ठेवा. मला त्यात नेहमी पूर्ण गुण पडायचे. गुणाआजींचं बोलणंही मी तसंच गाळलं. तुमचा प्रश्न आणि त्यांचं हसू, दोन्ही मला अनावश्यक वाटलं.

रियाजभाईंना नाही म्हणून आले. ते म्हणाले, ‘पोरी, हात तर कुणाचाही लावू की फलकावर.’ मी म्हटलं, ‘कुणाचाही’ असा हात नसतो.

खातं बंद करू का? तुम्ही सांगाल तसं. व्हिडिओ काढून टाकल्यावर चार हजार माणसं निघून गेली, आणखी जातील. जाऊ द्यात. पण तुमच्याकडून ज्या बायका गेल्या त्यांचं काय करू ते मला कळत नाही.

सोबत ऋतुजावहिनींसाठी वेगळं पाकीट आहे. चिकटवलेलं नाही. तुम्ही आधी वाचा. त्यात काही चुकलं असेल तर देऊ नका.

तुमची
जिक्रा

(सोबतचं पत्र)

ऋतुजावहिनी,

तुम्ही मला ओळखत नाही. शकिलाफुप्पीची भाची मी. तुमच्या सासूबाईंचा व्हिडिओ मी काढला, मी कापला, मी टाकला. फुप्पींना त्यातलं काही माहीत नव्हतं.

कापलेल्या भागात फुप्पींनी विचारलं होतं, ‘सून काय म्हणती, काही करती का नुसती मोबाईल बघती?’ त्यांना उत्तर नको होतं. हात सैल पडावा म्हणून त्या सगळ्यांनाच असं विचारतात. मग आजी ते बोलल्या. मग बांगडी गेली आणि त्या हसून म्हणाल्या, ‘गेली का? मला वाटलं अजून बोलावं लागतंय.’ हे सगळं माझ्याकडे होतं आणि मी ते फेकून दिलं.

तुम्ही लिहिलंत तेव्हा मी बदाम पाठवला. तुम्ही खरंच सांगताय हे माझ्या मनातच आलं नाही.

तुम्ही म्हणाल तर मी व्हिडिओ करून सगळ्यांसमोर माफी मागते. नको म्हणाल तर करणार नाही. विचारल्याशिवाय आता काही करणार नाही. माझ्यावर राग ठेवा, तो बरोबर आहे. फुप्पींना मात्र तुमच्या ओसरीवर बसू द्या.

जिक्रा मनियार

---

हिवरवाडी
२७ जानेवारी २०२५

जिक्रा मनियार यांस,

तुझ्या फुप्पीनं पाकीट आणून दिलं. उन्हाची चालत आली होती. चहा विचारला, घेतला नाही, तशीच परत गेली. म्हणून पत्ता पाकिटावरून घेऊन हे लिहिते आहे. मी बारावी झालेली आहे, मलाही पत्र लिहिता येतं.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने दिवसातून चारदा मी थेंब घातले. एका हातानं पापणी धरायची, दुसऱ्या हातानं बाटली. त्या मला शिव्या द्यायच्या, मी धरून ठेवायची. ते कुणी बघितलं नाही. बघावं असं मला वाटलंही नव्हतं. तुझ्या एकवीस सेकंदांनंतर पहिल्यांदा वाटलं की तेव्हा कुणीतरी बघायला पाहिजे होतं, आणि असं वाटल्याचाच मला जास्त राग आला.

माफीचा व्हिडिओ करू नको. परत माझं नाव चार जणांच्या तोंडी नको. माझ्या आईला मात्र तू स्वतः फोन कर. नंबर खाली दिला आहे. तिला ‘गेली का, मला वाटलं अजून बोलावं लागतंय’ हे जसंच्या तसं सांग. ती सासूबाईंना ओळखते, तिला पटेल.

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाल्या, पोरीचं अक्षर चांगलं असणार, तू न अडखळता वाचलंस. त्यांना यातलं एवढंच कळलं की काय, देव जाणे. मामंजी वेगळ्याच घोरात आहेत. आप्पासाहेब आमचे. त्यांना वाटतं, ‘घरात कोण हात धरतंय’ हे त्यांनाच उद्देशून होतं. परवापासून पायरी उतरताना सासूबाईंना हात द्यायला जातात. त्या झटकून टाकतात. ‘सोडा, लोकं बघतेत.’

रथसप्तमीच्या आत बांगड्या भरायच्या असतात. तुझ्या फुप्पीला सांग, यायचं तर यावं. मी येऊ नका कधीच म्हटलं नव्हतं. हात देईन की नाही ते त्या दिवशी बघू.

ऋतुजा

---

नायगाव
१२ फेब्रुवारी २०२५

जिक्राबेटा,

दुआ. हे आठ दिवस लिहून राहिले. लांब हाय. सावकाश वाच.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी गठुडा घेतला अन् हिवरवाडीला गेले. चालतच. गुडघा ह्या टायमाला खरंच दुखत होता. म्हणले, दुख बाबा.

ओसरीवर दहा-बारा बाया होत्या. मी गठुडा सोडला, हिरव्या, लाल, दोन-चार, दोन-सहा मापाच्या, सगळ्या मांडल्या. नुसत्या बघतेत. मी पण बसले. आप्पासाहेब खाटेवरून उठून आत गेले.

मग ऋतुजा बाहेर आली. माझ्यापुढं बसली. हात पदरातच. म्हणली, आधी फोन कुठाय ते सांगा. मी माझा बटणाचा डबडा काढून दिला. म्हणले, ह्याच्यात व्हिडिओ निघत असंल तर तूच काढून दाखव. गुणाबाई म्हणली, आण इकडं, अन् घेऊन मांडीखाली घालून बसली. म्हणली, आता कोण बघतंय ते बघते. तेवढ्यात आप्पासाहेबांनी आतून कुणाला तरी फोन लावला का काय, अन् माझा डबडा तिच्या मांडीखाली वाजला. रेशनवाल्याला लावायचा तो मला लागला. ती अशी उडाली की धुरपताबाई पायरीवरून खाली बसली हसून. मग सगळ्याच हसल्या.

ऋतुजा हसली न्हाई. पण पदरातून हात काढला.

हात गार होता तिचा. आखडलेला. अंगठा पार आत ओढलेला. मी तिच्या बोटांची गाठ दाबत राहिले अन् मला इचारायची भीती वाटली. खरं सांगते. इतक्या वरसांत पहिल्यांदा. न इचारता बांगडी घालायला गेले. फुटली. दुसरी घेतली. ती पण फुटली. माझ्या बोटाला लागलं.

तेव्हा तीच म्हणली, खाला, इचारा ना.

मी म्हणले, काय इचारू?

म्हणली, रोज इचारता ते.

मग मी इचारलं. सासू कशी हाय गं तुझी?

बेटा, ती बोलली. सगळ्यांदेखत. सासू शेजारी बसलेली. चहात साखर पडली न्हाई म्हणती अन् चोरून गूळ खाती. डोळ्यात थेंब घालताना चावली. माहेराहून आणलेली चादर पाहुण्याला देऊन टाकली. कपाटाची किल्ली न्हाई देत अन् कुठं ठेवली ते इसरती. अन् एवढं करून मुलखापुढं म्हणती कोण हात धरतंय. तिथं तिचा आवाज फाटला. डोळ्यातून पाणी आलं. तरी बोलतच राहिली. गुणाबाई मान हलवत होती, हाव हाव करत, दुसऱ्याच कुणाच्या सासूचं चाललंय असं.

हात मेणावाणी झाला. बारा गेल्या. वरची एक मी माझ्याकडून फुकट घातली.

ती थांबली अन् हाताकडं बघितलं. म्हणली, गेल्या का?

गुणाबाई म्हणली, गेल्या की कवाच्याच. मला वाटलं तुला अजून बोलायचं हाय.

तिथं ऋतुजा हसली. मग रीतीपरमाणं माझ्या पाया पडायला वाकली. मी तिचे दोन्ही हात धरले.

त्याच्या मागं धुरपताबाईनं हात दिला. मग दुसऱ्यांनी. सगळ्यांनी न्हाई. दोघी तिघी पुडीच घेऊन गेल्या. येतील, न्हाई तर न्हाई. शेवटी गुणाबाई. तिला तेच लहान माप. तिला मी इचारलं, सून कशी हाय? ती म्हणली, आता तुझं पोरगं नसताना काय सांगू, कुणी ऐकायला नको का. तुला म्हणली ती. माझा व्हिडिओ कामून काढून टाकला, म्हणती. तेवढीच मी पुण्यापर्यंत गेले होते.

खातं बंद करू नको. ऋतुजानं सांगितलंय ते ऐक. ज्या बाईचा हात असंल तिच्यापुढं व्हिडिओ आधी लावायचा, तिनं हाव म्हणलं तर टाकायचा, बोलणं त्यात ठेवायचं न्हाई. काचेचा आवाज ठेव. तो चांगला असतो. ती म्हणली, असं केलं तर तिचा हात पण काढ. पण आत्ता न्हाई, पुढच्या संक्रांतीला. अजून राग हाय थोडा, म्हणली. राहू दे. तिचा हाय.

किती माणसं राहिली ते लिही. मला मोजून काय करायचं, पण तुला सांगावं वाटत असंल.

तुझ्या मॅडमला सांग, रजिस्टर परत काढा. घरात शिकलेलं कोण, तिथं माझं नाव लिही. हे पत्र दाखव, चार पानं हायत.

अन् परीक्षा झाली की ये. तुझा हात धरून वरीस होईल. मेसचं खाऊन बारका झाला असंल, दोन-चारचं माप काढून ठेवते. फोन आण, न्हाई म्हणत न्हाई. गुणाबाईच्या मांडीखाली ठेवू. तू माझ्यापुढं बस, हात दे. मी इचारीन, फुप्पी कशी हाय गं तुझी? राखून काही ठेवू नको. बांगडी सरळ जाती.

तुझी
शकिला